अपराध्याची परतीची वाट



पावसाळा भरात आला म्हणजे कृष्णा आणि पंचगंगा ह्यांच्या संगमावर वसलेल्या नृसिंहवाडीस एक निराळाच पर्वकाळ येतो. घाटाच्या पायऱ्या एकामागून एक पाण्याखाली जातात, नदी मंदिराच्या उत्तरद्वाराने आत शिरते, दत्तगुरूंच्या पादुकांवरून वाहते आणि दक्षिणद्वाराने बाहेर पडते. त्या दक्षिणद्वारी प्रवाहात बुडी मारावी म्हणून सांगली, मिरज, कोल्हापूर, इचलकरंजीकडील माणसे रात्री-अपरात्री धावत येतात, कारण पाणी केव्हा चढेल आणि केव्हा उतरेल ह्याचा नेम नसतो. ओल्या वस्त्रांनिशी उभ्या राहिलेल्या त्या गर्दीत कोणी कोणाची जमीन लाटली आणि कोणी कोणाचे डोके फोडले, हे नदी विचारीत नाही, आणि शेजारी उभा असलेला मनुष्यही विचारीत नाही. पाप धुतले जाते, अशी तेथे सर्वांचीच श्रद्धा असते.

आता ह्याच गर्दीतील एखादा सद्गृहस्थ स्नान करून घरी परतला आहे, आणि सात वर्षांची सजा भोगून गावी आलेला एक मनुष्य त्याच्या दाराशी काम मागावयास उभा आहे, अशी कल्पना करा. काय होईल ते सांगावयास नको. दार लोटले जाईल. फार तर एखादा रुपया हातावर पडेल आणि 'पुन्हा इकडे फिरकू नकोस' असे आतून ऐकू येईल. पाप धुतले जाते ह्यावर आपला विश्वास आहे. अपराध धुतला जातो ह्यावर मात्र नाही. तुरुंग शासनासाठी असावा की सुधारणेसाठी, ह्या प्रश्नाची चर्चा पुष्कळदा परदेशी ग्रंथांच्या आधारे होते. मला वाटते, त्या प्रश्नाचे मूळ ह्या लोटलेल्या दारापाशी आहे, आणि त्याचा बराचसा इतिहास आपल्या कृष्णाकाठीच घडलेला आहे. आज तोच आपणांपुढे ठेवावयाचा आहे.

प्रथम एका शब्दाकडे लक्ष वेधतो. 'शिक्षा' ह्या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ शिकविणे असा आहे. 'शिक्षण' आणि 'शिक्षक' हे त्याचेच भाऊबंद. अपराध्यास जे भोगावे लागते त्याला जुना शब्द 'दंड' असा होता. मराठीने शिकविण्याचा शब्द उचलला आणि तो दंडाच्या जागी बसविला. ह्यात भाषेने शहाणपण दाखविले की केवळ शाळामास्तराच्या छडीची आठवण ठेवली, ह्याचा निर्णय श्रोत्यांनीच करावा.

आपल्या धर्मशास्त्रात दंड आणि प्रायश्चित्त ही दोन स्वतंत्र अंगे आहेत. याज्ञवल्क्यस्मृतीचे तीन अध्याय आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त ह्या नावांचे आहेत. दंड राजाने करावयाचा, प्रायश्चित्त अपराध्याने स्वतः घ्यावयाचे. परंतु ह्या दोहोंत एक गोष्ट समान होती, ती म्हणजे दोहोंनाही शेवट होता. राजाने ज्याला दंड केला तो मनुष्य निर्मळ होतो, अशा अर्थाचे वचन खुद्द मनुस्मृतीतच आहे. मनूच्या नावावर दयेचा आरोप कोणी करणार नाही. तरीही भोग संपला की हिशेब संपला, ही कल्पना त्याला मान्य होती. वाडीत ज्याची पारायणे चालतात त्या गुरुचरित्राच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात कर्मविपाक सांगितला आहे. कोणत्या पातकाचे कोणते फळ, ह्याची भयंकर यादी त्यात आहे, पण त्याबरोबरच त्या त्या पातकाच्या निष्कृतीचे मार्गही दिलेले आहेत. ज्यास निष्कृती नाही असा मनुष्य त्या जगात क्वचितच.

मराठेशाहीतील व्यवहारही पुष्कळ अंशी ह्याच धोरणाचा होता. गावचा तंटा गोतसभेपुढे यावयाचा, महजर व्हावयाचा, साक्षीदारास नदीच्या पात्रात उभे करून सत्य वदवून घ्यावयाचे. अपराध शाबीत झाला की दिवाणाचा राजदंड निराळा आणि शुद्धीसाठी ब्रह्मदंड निराळा. ते सर्व पार पडले म्हणजे अपराध्यास पुन्हा 'गोतात घेत'. गोतात घेणे म्हणजे कागदावर शिक्का मारणे नव्हते. सर्व भाऊबंद एका पंगतीस बसत, पानास पान लागत असे आणि ज्याला काल वाळीत टाकले होते त्याच्या हातचे आज सर्वांसमक्ष घेतले जात असे. तुरुंगातून सुटणाऱ्या आजच्या कैद्यास सुटकेचा कागद मिळतो, ही पंगत मिळत नाही. नारायणराव पेशव्यांचा खून १७७३ साली झाला, आणि रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांच्या तोंडावर देहान्त प्रायश्चित्ताचा निर्णय सांगितल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. रामशास्त्रीही कृष्णाकाठच्याच माहुलीचे. त्या परंपरेत देहान्तासदेखील प्रायश्चित्त हाच शब्द जोडलेला आहे, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

हे वर्णन ऐकून कोणी जुन्या काळाचे गोडवे गाऊ लागेल, तर त्याला येथेच थांबवितो. हातपाय तोडणे, डोंगरी किल्ल्याच्या अंधारकोठडीत घालणे, हत्तीच्या पायी देणे, हेही त्याच काळातले शासन होते. ब्राह्मणास देहान्ताची सजा नसे, इतरांस असे. आणि परतीची ती पंगत ज्याच्या पाठीशी गोत आणि गाठीशी पैसा असेल त्याच्यासाठी होती. गावकुसाबाहेरच्या माणसाची वाट पुष्कळदा दंडापाशीच संपत असे. जुन्या व्यवस्थेने परतीची वाट ठेवली होती, एवढेच मला म्हणावयाचे आहे. ती सर्वांसाठी ठेविली होती, असे मी म्हणत नाही.

पेशवाई गेली आणि इंग्रजांनी तुरुंग आणला. अवयव तोडण्याऐवजी काळ तोडून घ्यावयाचा, ही कल्पना आपल्याकडे त्या व्यापक रूपात नवी होती, आणि आधीच्या क्रौर्याच्या मानाने ती सौम्यही होती, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण तुरुंगात माणसाचे करावयाचे काय? कंपनी सरकारने ह्या प्रश्नासाठी नेमलेल्या समितीने १८३८ साली आपला अहवाल दिला. मेकॉले हा तिचा एक सभासद होता. तुरुंगातील लाचलुचपत आणि बेशिस्त ह्यांवर समितीने कडक टीका केली. परंतु नीतिशिक्षण, विद्या किंवा चांगल्या वर्तनाबद्दल बक्षीस, असल्या सुधारणेच्या उपायांना तिने स्पष्ट नकार दिला. कैद कठोर असावी, कंटाळवाणी असावी, म्हणजे लोक तिला भितील, असा तिचा रोख होता. ज्या मेकॉलेने आपल्या देशासाठी शिक्षणाचा आराखडा आखला, त्याच्याच समितीला कैद्यासाठी शिक्षण नको होते. मोठा चमत्कारिक योग आहे हा! पुढे दोनच वर्षांनी, १८४० साली, अलेक्झांडर मॅकोनोकी नावाचा एक अधिकारी ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस नॉरफोक बेटावरील काळ्या पाण्याच्या कैद्यांचा मुख्य म्हणून गेला. कैद्याची मुदत वर्षांत न मोजता कामाच्या आणि वर्तनाच्या गुणांत मोजावी, म्हणजे सुटकेची किल्ली त्याच्याच हाती राहील, असा प्रयोग त्याने मांडला. चार वर्षांत त्याला परत बोलावले गेले. फार लवकर जन्मलेल्या कल्पनेचे जे होते तेच त्या प्रयोगाचे झाले.

आपल्याकडे मग येरवड्याचा मोठा तुरुंग उभा राहिला, १८९४ चा तुरुंगाचा कायदा झाला, आणि बेडी, बिल्ला, चक्की, काथ्या ह्यांची एक ठरीव दिनचर्या सर्व देशभर सुरू झाली. १९१९-२० सालच्या कार्ड्यू समितीने, कैद्याची सुधारणा हाही तुरुंगाचा हेतू असला पाहिजे, असे सरकारी अहवालात नमूद केले, तोपर्यंत ऐंशी वर्षे लोटली होती.

परंतु ह्या काळातील सर्वांत कठोर गोष्ट तुरुंगाच्या भिंतीआड नव्हतीच. १८७१ साली उत्तर हिंदुस्थानासाठी गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, आणि १९११ च्या कायद्याने त्याचे जाळे मुंबई इलाख्यासह देशभर पसरता आले. आता गुन्हा करण्याचीही गरज उरली नाही; विशिष्ट जातीत जन्मास येणे पुरेसे होते. नाव नोंदवावयाचे, हजेरी द्यावयाची, परवान्यावाचून गाव सोडावयाचे नाही. सोलापुरास तर कुंपणाच्या आत वसाहत झाली. ज्या अपराधास आरंभ नाही त्यास शेवट तरी कोठून असणार? प्रायश्चित्ताच्या जुन्या कल्पनेचे हे नेमके उलटे टोक होय.

ह्या ठिकाणी आपणांस पुन्हा कृष्णा-पंचगंगेच्या मुलखात आले पाहिजे.

करवीरच्या गादीवर तेव्हा शाहू महाराज होते. त्यांच्या आरक्षणाच्या आणि वसतिगृहांच्या कार्याची माहिती सर्वांना आहे; फासेपारध्यांविषयीच्या त्यांच्या वर्तनाची चर्चा त्या मानाने थोडी होते. फासेपारधी म्हणजे फासे लावून हरणे आणि पाखरे धरणारी रानोमाळ भटकणारी जमात. राने तुटली, शिकारीवर निर्बंध आले, पोट राहिले. पोटासाठी चोरी, चोरीसाठी मार, आणि माराच्या भीतीने पुन्हा रान, असा तो फेरा. महाराजांनी ह्या लोकांना जवळ बोलाविले, राहावयास जागा दिली, सरकारी कामांवर रोजगार दिला, आणि त्यांच्यापैकी कित्येकांना पहारेकरी नेमले. ज्यांच्या नावाने गाव दारे लावून घेत असे, त्यांच्याच हाती दाराची राखण दिली. दरबारी मंडळींना हे धाडस वाटले असेल. मला ते धाडसापेक्षा निरीक्षणाचे काम वाटते. रात्री न झोपता वावरणे, चाहूल ओळखणे, माग काढणे हे ज्याचे पिढीजात कसब, त्याच्याहून चांगला रखवालदार कोठे मिळणार? महाराजांनी कसब तसेच ठेवले आणि त्याचा धनी बदलला.

१९१८ साली त्यांनी दुसरे पाऊल टाकले. संस्थानातील महार, मांग, रामोशी, बेरड ह्या जातींवर असलेली हजेरीची सक्ती त्यांनी बंद केली. हजेरी ही कागदावर क्षुल्लक दिसते. पण ज्याला रोज ठरल्या वेळी गावच्या चावडीवर उभे राहावे लागते, तो चार कोसांवरील पेठेत मजुरीस जाऊ शकत नाही, लेकीच्या सासरी मुक्काम करू शकत नाही, पेठेत हुन्नर शिकू शकत नाही. प्रामाणिकपणे पोट भरण्याची वाट बंद करून ठेवावयाची आणि मग तो प्रामाणिक नाही म्हणून त्याला हजेरीस बोलवावयाचे, हा त्या पद्धतीचा न्याय होता. ब्रिटिश मुलखातील जाच त्यानंतरही एक पिढीभर चालू राहिला. मुंबई राज्यात तो कायदा १९४९ साली गेला आणि सर्व देशातून १९५२ साली. कायदा गेला तरी संशय गेला नाही, हे पारध्यांच्या कोणत्याही पालावर आजही ऐकू येईल.

शाहू महाराज हे छत्रपती होते. त्यांच्या शब्दामागे सत्ता होती. म्हणून एका कारखानदाराचे उदाहरण मुद्दाम देतो. वाडीहून मिरजेस आणि तेथून पुण्याच्या लोहमार्गाने निघाले की थोड्याच वेळात किर्लोस्करवाडी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर हे गाव वसविले. जागा औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी दिली. निवडुंगाचा आणि सापांचा तो माळ, आसपास दरवड्यांचे भय, आणि कारखान्यात लोखंड व पैसा. अशा जागी लक्ष्मणरावांनी रखवालीस कोणाला ठेविले? दरवड्याबद्दल सजा झालेल्या माणसांना. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग ही त्यांतली नावे किर्लोस्करवाडीच्या इतिहासात टिकून राहिली आहेत, आणि विश्वासू पहारेकरी म्हणूनच टिकून राहिली आहेत. नांगर आणि चरक करणाऱ्या माणसाने गुन्हेशास्त्रावर ग्रंथ लिहिला नाही. त्याला माणसे हवी होती, आणि कोणत्या माणसात काय आहे हे त्याला दिसत होते, इतकेच.

औंधचे हे राजेसाहेब म्हणजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते. त्यांचे संस्थान लहान, आणि तेही एकसंध नव्हे. सातारा, सांगली, विजापूरकडे विखुरलेले तुकडे. ह्या राजाने १९३९ च्या आरंभी आपली सत्ता कायद्याने प्रजेच्या हाती सोपविली. त्या राज्यघटनेचा आराखडा गांधीजींच्या सल्ल्याने झाला, आणि राजपुत्र अप्पासाहेब पंतांबरोबर त्यात एक परदेशी गृहस्थ खपत होते. त्यांचे नाव मॉरिस फ्रीडमन. वॉर्सा येथे ज्यू कुटुंबात जन्मलेले, विजेच्या विद्येत निष्णात, म्हैसूर सरकारच्या बंगळूर येथील कारखान्यासाठी हिंदुस्थानात आलेले हे अभियंते पुढे भगवी वस्त्रे घालून भारतानंद झाले. धनुष्य-तकलीची सुधारणा त्यांची. उत्तरायुष्यात मुंबईच्या खेतवाडीतील निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणे इंग्रजीत नेऊन जगापुढे ठेवणारेही तेच. एका आयुष्यात माणसाने किती घरे बदलावीत आणि प्रत्येक घरी काहीतरी उपयोगी ठेवून जावे, ह्याचा हा नमुना.

ह्या फ्रीडमन साहेबांच्या कल्पनेतून १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. आटपाडी म्हणजे माणदेश. वाडीला नदी देवळात शिरते. तिकडे माणगंगा वर्षातील बहुतेक दिवस वाळूच दाखविते. अशा उजाड जमिनीवर खून-दरवड्यासारख्या गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना नेऊन वसवावयाचे, आणि तेही तटबंदीवाचून, बेड्यांवाचून! नावदेखील पाहा: स्वतंत्रपूर. कैद्यांनी शेत कसावयाचे, विहिरीचे पाणी काढावयाचे, घामाचे अन्न खावयाचे. आणि ह्या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट अशी, की त्यांना आपली बायकामुले जवळ आणून राहावयाची मुभा होती.

ह्या शेवटच्या गोष्टीवर मी थोडा अधिक थांबतो. तुरुंग माणसाचे स्वातंत्र्य हिरावतो असे आपण म्हणतो, पण तो प्रथम हिरावून घेतो ते त्याचे नाते. भिंतीआड दहा वर्षे राहिलेल्या माणसाची बायको माहेरी गेलेली असते, मुले चुलत्याच्या दारी वाढलेली असतात, वाट्याची जमीन भावाने लावलेली असते. सुटून आलेला मनुष्य कायद्याने मोकळा आणि जगात पोरका. अशा माणसाने पुन्हा जुन्या सोबत्यांकडे जाऊ नये तर जावे कोठे? स्वतंत्रपुराने हे ओळखले. तेथे पळून जावयास अडविणारी भिंत नव्हती, पण संध्याकाळी चूल पेटविणारी बायको होती, शाळेस जाणारे पोर होते आणि आपण पेरलेले रोप होते. माणूस ज्याने बांधला जातो ते सर्व तेथे होते. लोखंडाची तेवढी गरज उरली नव्हती.

ह्या वसाहतीची कीर्ती जगात पसरली ती चित्रपटामुळे. 'दो आँखें बारह हाथ' हा बोलपट १९५७ साली आला. दिग्दर्शक व्ही. शांताराम मूळचे कोल्हापूरचे, कथालेखक ग. दि. माडगूळकर आटपाडीच्या परिसरातले, औंध संस्थानच्या मातीत वाढलेले. म्हणजे कृष्णाकाठ आणि माणदेश ह्यांनी मिळूनच ती कथा सांगितली. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात तिचा गौरव झाला, आणि भरत व्यासांनी लिहिलेली त्यातील प्रार्थना पुढे शाळांतून आणि खुद्द तुरुंगांतूनही म्हटली जाऊ लागली. चित्रपट थोर आहे ह्यात शंका नाही. तथापि एक तक्रार नोंदविल्यावाचून राहवत नाही. त्यात सहा खुन्यांना सांभाळतात ते जेलरचे दोन डोळे. त्या साधुपुरुषाच्या दृष्टीत असे तेज, की पळून गेलेले कैदी तिच्या आठवणीने परत येतात. कलेला असा नायक लागतो. पण राज्यकारभार साधूंच्या डोळ्यांवर चालत नाही. साधूची बदली होते, तो निवृत्त होतो, मरतो. स्वतंत्रपूर टिकले. १९४८ साली औंध संस्थान विलीन झाले, सत्ता मुंबई सरकारकडे आणि पुढे महाराष्ट्र शासनाकडे गेली, संस्थापक पांगले, आणि तरीही ती वसाहत खुल्या कारागृहाच्या रूपाने चालू राहिली. ह्याचे श्रेय डोळ्यांना नसून चुलीला आणि शेताला आहे, असे माझे मत आहे.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण ते टाळून हा विषय मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पहिला आणि सर्वांत जड आक्षेप मृताच्या घरचा. ज्या विधवेचा नवरा गेला तिने, मारेकरी आपल्या बायकामुलांसह शेतावर सुखाने नांदतो आहे, हे ऐकून काय म्हणावे? तिला सुधारणेचे तत्त्वज्ञान सांगणाऱ्याची मला लाज वाटेल. तिच्या दुःखापुढे तत्त्वज्ञान गप्प बसले पाहिजे. मात्र बेड्यांच्या तुरुंगानेही तिला काही दिले नव्हते, हेही तितकेच खरे. खटला सरकार विरुद्ध आरोपी असा चालला, साक्ष देण्यापुरती ती कोर्टात उभी राहिली, दंड झाला तर तो सरकारी खजिन्यात गेला. फौजदारी प्रक्रिया संहितेत २००८ ची दुरुस्ती झाली, तेव्हा कोठे पीडितांच्या भरपाईची योजना करण्याचे बंधन राज्यांवर आले. सूड तिच्या नावाने घ्यावयाचा आणि तिच्या चुलीकडे पाहावयाचे नाही, असा हा व्यवहार इतकी वर्षे चालला. कैद्याने मोकळ्या रानात मजुरी मिळविली तर त्या मजुरीतला वाटा तरी तिच्याकडे जाऊ शकतो. कोठडीत काथ्या वळणाऱ्याकडून तिला काय मिळणार?

दुसरा आक्षेप असा, की हा निवडक माणसांचा खेळ आहे. हे बरेचसे खरे आहे. खुल्या तुरुंगात जातो तो चांगल्या वर्तनाचा, मुदतीचा काही भाग आत काढलेला, पळण्याची भीती नसलेला शिक्षाबंदी. स्वतंत्रपुरात तर कोणत्याही वेळी दोन-अडीच डझनांहून अधिक माणसे मावत नाहीत. परंतु प्रयोग लहान आहे म्हणून तत्त्व लहान ठरत नाही. १९५२-५३ च्या सुमारास उत्तर प्रदेशात संपूर्णानंदांच्या प्रेरणेने बनारसजवळ चंद्रप्रभा नदीच्या धरणावर कैद्यांच्या मोठ्या छावण्या खुल्या आकाशाखाली पडल्या. राजस्थानात सांगानेर येथे १९६३ पासून कैदी कुटुंबासह राहतात आणि दिवसा बाहेर जाऊन आपापला धंदा करतात. महाराष्ट्रातही येरवडा, पैठण येथे खुली कारागृहे झाली. १९५५ साली जिनीव्हा येथे भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने खुल्या संस्थांची शिफारस केली, तेव्हा आटपाडीच्या माळावर पीक येऊ लागून सुमारे दीड दशक झाले होते.

मला स्वतःला खरा अडसर तिसरीकडेच दिसतो. २०२२ च्या अखेरीस भारतातील तुरुंगांत सुमारे पावणेसहा लाख माणसे होती, आणि त्यांपैकी चार लाख चौतीस हजारांहून अधिक कच्चे कैदी होते. म्हणजे चारांतील तिघांचा अपराध अजून शाबीतच झालेला नव्हता. त्यांना शासन चालले आहे म्हणावे तर निकाल नाही; सुधारणा करावी तर कशाची? शासन की सुधारणा, असा वाद आपण व्यासपीठावरून घालतो, आणि तुरुंगातील बहुसंख्य माणसे ह्या वादाच्या बाहेर, जामिनाच्या रकमेअभावी किंवा तारखेच्या प्रतीक्षेत, नुसतीच बसलेली असतात. नव्या भारतीय न्याय संहितेने १ जुलै २०२४ पासून काही किरकोळ अपराधांसाठी कैदेऐवजी समाजसेवेची शिक्षा आणली आहे. गावाच्या डोळ्यांदेखत काही उपयोगी काम करून मोकळे होणे, हे ब्रह्मदंडाच्या जुन्या कल्पनेला ओळखीचे वाटावे असे आहे. ते न्यायाधीशांच्या हाती किती वापरले जाते ते पाहावयाचे.

वेळ संपत आली. जाता जाता कोल्हापुरातील एक गोष्ट सांगतो. तेथील कळंबा मध्यवर्ती कारागृहातील कैदी काही वर्षे अंबाबाईच्या देवळासाठी प्रसादाचे लाडू वळीत असत. हजारो भाविकांनी तो प्रसाद डोक्याला लावून खाल्ला, मुलांच्या हातावर ठेवला, परगावच्या नातलगांना पाठविला. लाडू वळणारा हात कोणत्या कलमाखाली आत आला आहे, हे कोणी विचारले नाही. प्रसादाला तसे विचारीत नाहीत. आता त्या हातांपैकी एखादा सुटला असेल. नृसिंहवाडीस देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा पेढे, बासुंदी आणि कवठाच्या बर्फीची दुकाने आहेत, आणि सणावारी त्यांना हाताखाली माणसे पुरत नाहीत. हे भाषण ऐकणाऱ्यांत कोणी तेथला दुकानदार असेल, तर त्याला विचारावेसे वाटते: असा मनुष्य उद्या पहाटे भट्टी पेटविण्याच्या वेळी तुमच्या दाराशी आला, आणि पाक चांगला साधतो म्हणाला, आणि कोठे शिकलास असे तुम्ही विचारल्यावर त्याने खरे सांगितले, तर?